भट्टीच्या वरची खोली

परवा आठवडी बाजारात मेथी निवडत होते, तेवढ्यात ओळखीच्या एका बाईनं विचारलं, "बाई, तुमच्या शेजारच्या सेलमच्या काकू मिश्री लावायच्या न्हवं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तंबाखू?"

"तंबाखूही नाही."

"मग फुप्फुसाचा कॅन्सर कसा वं झाला?" असं म्हणून ती माझ्याकडं बघत राहिली. जणू मीच काहीतरी लपवत होते.

मी जुडी पिशवीत कोंबली आणि चालायला लागले. काकूंना जाऊन वर्ष होत आलं तरी हा प्रश्न काही थांबत नाही. काकू असत्या तर त्यांनी त्या बाईला तिथंच मेथीच्या ढिगाशेजारी उभं करून सगळं ऐकवलं असतं, आणि भाजीवाल्यालाही सोडलं नसतं. माझा आवाज तेवढा चढत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव कडेगाव तालुक्यात. इथं कुणाचा ऊस आहे, कुणाचा मुलगा मिलिटरीत आहे, आणि उरलेल्या घरांतलं कुणी ना कुणी गलाईला गेलेलं आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचा धंदा. परमुलखातल्या कुठल्यातरी सराफ बाजारात एक अरुंद दुकान, त्यात भट्टी, भट्टीवर मूस, मुशीत लोकांच्या आज्या-पणज्यांचे मोडलेले दागिने, आणि सोन्यातलं हीण काढायला तेजाब, म्हणजे जहाल ॲसिड. या एका कसबावर आमच्या भागातली माणसं देशभर पांगली. मग गावात त्यांची आडनावं मागं पडतात आणि शहरांची नावं चिकटतात. कानपूरवाले, विजयवाड्याचे, सेलमचे. त्यांची घरं गावात सगळ्यांत उंच, आणि वर्षभर कुलपात. जत्रेला तेवढी उघडतात.

सेलमचं घर आमच्या घराला लागून. मुलाच्या, महेशच्या हाती दुकान सोपवून काकू आणि त्यांचे यजमान दत्तूआबा कायमचे गावी राहायला आले, तेव्हा मला वाटलं होतं, चला, शेजारी जाग आली. ती जाग किती असेल याची कल्पना नव्हती.

पहिल्याच आठवड्यात, सकाळी मी शाळेला जायच्या गडबडीत होते आणि कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला, "आवं बाई, बंबात काय घातलंय?"

मी बाहेर आले. उंच, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाक वर करून हवेत काहीतरी शोधणारी बाई. मी म्हटलं, "काही नाही, नारळाच्या शेंड्या आणि कागद."

"खोटं बोलू नगा. चप्पल जळतीया."

मी बंबाचं तोंड उघडून बघितलं तर खरंच माझ्या सासूबाईंनी जुनी रबरी चप्पल आत सारली होती. आमच्याकडं सगळेच घालतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, तुटक्या बादल्या, पेटायला बरं पडतं. काकूंनी भिंतीवरून हात लांब करून चिमटा मागितला, भिंतीला वळसा घालून आत आल्या आणि ती अर्धी जळलेली चप्पल ओढून काढून पाण्यात बुडवली. मग सासूबाईंना म्हणाल्या, "वास आला म्हंजे कायतरी आत गेलं. नाक काय शोभेला दिलंय व्हय देवानं?"

सासूबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग काकूंनी एक दिवस पितळी फिल्टरमधली सेलमची कॉफी आणून दिली आणि भांडण मिटलं. चहाच्या गावात कॉफीचा तो वास आमच्या ओसरीवर पहिल्यांदाच आला होता. त्यांच्या बोलण्यात मधूनच एक तमिळ शब्द यायचा, "पोदुम". म्हणजे पुरे. नवऱ्याला दुसऱ्यांदा भात वाढताना, शेजारणीचं रडगाणं लांबलं की, टीव्हीवर नेता बोलायला लागला की, "पोदुम!" आणि विषय संपला.

त्या घरात पडदे नव्हते. थंडीतही खिडक्या सताड उघड्या. एसटीत चढल्या की खिडकीशेजारच्या माणसाला उठवून स्वतः बसायच्या आणि काच सरकत नसली तर कंडक्टरशी भांडायच्या. उसाचा पाला पेटवला की शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभ्या. रात्रंदिवस धूर ओकणाऱ्या एका डिझेल पंपाच्या मालकाला त्यांनी इतकं पिडलं, की त्यानं शेवटी वीजजोड घेतला. "बाई लय तापट," असं गाव म्हणायचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. ही चीड कुठून आली ते हळूहळू कळत गेलं.

सेलमला दुकान खाली आणि खोली वर होती. वर जायचा जिना दुकानातूनच. भट्टी पेटली की उकाडा आणि धूर त्याच जिन्यानं वर यायचे. तेजाबात सोनं शिजवायचा दिवस असला की तांबूस-पिवळा धूर यायचा, आणि काकू ओल्या फडक्यानं पोराचं तोंड झाकून खिडकीत बसायच्या.

"खिडकीत तुळस लावलीवती मी," त्या एकदा कॉफी गाळता गाळता म्हणाल्या. "वाळली. दुसरी आणली, ती बी वाळली. तवा मी ह्यांना म्हटलं, आवं जिथं तुळस जगत न्हाई तिथं पोरगं जगंल व्हय?"

"मग आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला हितलं पाणी मानवत न्हाई." आणि पलंगावर पेपर वाचत बसलेल्या आबांकडं बघून मोठ्यानं, "मला तरी कुठं मानवलं!"

आबा पेपर खाली न घेता हसले. आबा माणूस गरीब स्वभावाचे. बायकोवर त्यांचा जीव, पण धंद्याला कुणी नाव ठेवलेलं त्यांना सोसायचं नाही. हे घर, महेशचं शिक्षण, बहिणींची लग्नं, सगळं त्या भट्टीनं केलं होतं. ज्या चुलीवर घर शिजतं तिला कुणी वाईट म्हणतं का, असा त्यांचा सरळ हिशेब.

"खिडकीचे गज गंजून हातात आले माझ्या," काकू म्हणायच्या. "लोखंड खाल्लं त्या धुरानं. आन मी काय लोखंडापेक्षा घट हाय?"

खोकला त्यांना गावी आल्यावर लागला. आधी गावातल्या डॉक्टरनं बाटली दिली. मग दुसरी बाटली. मग क्षयाची तपासणी झाली, ती साफ निघाली, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा बाटलीच आली. काकू खंगत चालल्या. पदर खांद्यावर ठरेना. शेवटी मिरजेला जायचं ठरलं, तेव्हा आबा माझ्याकडं आले. "बाई, तुमी येता का संगं? डाक्टरचं बोलणं मला उमगत न्हाई, आन उमगलं तर सोसत न्हाई."

मिरजेच्या त्या दवाखान्यात तपासण्यांच्या खोल्यांतून आम्ही फिरलो. सगळे कागद जमले त्या दिवशी एक तरुण डॉक्टर समोर होते. चेहरा थकलेला, पण बोलणं मऊ. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. काकू मात्र डॉक्टरांकडंच बघत होत्या.

डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. "तंबाखू? मिश्री?"

"न्हाई."

"घरात कुणी बिडी-सिगारेट?"

"न्हाई."

"स्वयंपाक चुलीवर?"

"सेलमला आधी स्टो हुता, मग गॅस."

"बरं," म्हणून डॉक्टरांनी पान उलटलं.

"दादा," काकू म्हणाल्या, "आमचा धंदा कंचा, ते तुमी इचारलं न्हाई."

डॉक्टर थांबले. काकूंनी सांगायला सुरुवात केली. भट्टी, जिना, तेजाब, तुळस, गज. बाहेर रांग होती, दारातून नर्स दोनदा डोकावून गेली, पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या मोडीत केडीएमचे दागिने येत होते का?"

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "लय! केडीएमला मान हुता की. माझं मंगळसूत्र केडीएमचं हाय."

"त्यातला केडीएम म्हणजे कॅडमियम, काकू. दागिन्यांचे सांधे जोडताना ते मिसळायचे. सोनं वितळायच्या आधीच ते उडून जातं. धूर होऊन."

काकूंनी गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं. मग डॉक्टरांनी आम्हाला जमेल तसं समजावलं. शरीरातल्या पेशींची रोज थोडीफार मोडतोड होत असते आणि पेशी स्वतःच ती दुरुस्त करत असतात. कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम असले धातू धुरातून, धुळीतून, पाण्यातून वर्षानुवर्षं आत जात राहिले, तर त्या दुरुस्तीतच बिघाड करतात. काही धातू शरीरात ठाण मांडून बसतात, लवकर बाहेर पडत नाहीत. मग कधीतरी एखादी बिघडलेली पेशी वाढायला लागते. हे आता जगभर मान्य आहे, ते म्हणाले.

"मग ल्हिवा तसं," काकू म्हणाल्या. "धुरानं झालं म्हणून ल्हिवा."

"तसं लिहिता येत नाही, काकू. तुमच्या धंद्याची नोंद मी नक्की करतो. पण ही गाठ त्याच धुरानं झाली, हे एका माणसाबद्दल ठामपणे सांगता येत नाही. दहा गोष्टी असू शकतात. अशा धुरात राहणाऱ्यांमध्ये धोका वाढतो, एवढं सांगता येतं."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे सगळ्यांचं मिळून म्हाईत हाय, पण माझ्यापुरतं कुणालाच म्हाईत न्हाई?"

डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "हो. तसंच आहे."

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते. तासगाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "मी तुझ्यापेक्षा जवळ बसलो भट्टीच्या. धुरानं झालं असतं तर आधी मला झालं असतं. मला कुठं काय झालं?"

काकू खोकल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "सगळ्या गाड्या पलटी हुत न्हाईत, म्हणून ब्रेक काढून ठेवत्यात व्हय?"

मला वाटलं होतं, आता या बाईचा राग विझेल. आजार माणसाला मऊ करतो म्हणतात. काकूंच्या रागाला उलट कामच मिळालं. कारण त्या खोलीत, त्याच भट्टीच्या वर, आता महेश, त्याची बायको सारिका आणि त्यांची मुलगी ईश्वरी राहत होती. ईश्वरी नुकतीच शाळेत जायला लागली होती.

रोज संध्याकाळी फोन सुरू झाला. मी माझ्या ओसरीवर वह्या तपासत असायचे आणि भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "महेश, खोली बदल." "आई, बाजारात खोली मिळत न्हाई." "मग भट्टी बदल." "आई, भट्टी कुठं न्यायची? गिऱ्हाईक दुकानात येतंय." "मग धुराडं लाव." "लावतो." "कवा?" "लावतो म्हटलं की!" मग फोन बंद व्हायचा आणि काकू अंगणात येऊन पदरानं वारा घ्यायच्या. सलाईनमधून औषध सुरू झालं होतं, केस गेले होते, तोंडाची चव गेली होती. कॉफी करायच्या पण प्यायच्या नाहीत, मला द्यायच्या.

शेवटी महेशनं धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवला आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. आबांनी मोठ्या कौतुकानं फोन माझ्याकडं आणला. "बघा बाई, ऐकलं का न्हाई पोरानं?" व्हिडिओत पंखा गरगरत होता, त्याला जोडलेला पत्र्याचा नळ भिंतीतून बाहेर गेला होता. महेश कॅमेरा फिरवत बाहेरच्या बोळात आला होता, नळाचं तोंड दाखवायला.

काकूंनी व्हिडिओ बघितला. पुन्हा लावायला सांगितला. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हितं थांबवा." मी थांबवला. नळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर शेजारच्या घराची खिडकी होती, आणि खिडकीच्या दोरीवर लहान बाळाची लंगोटं वाळत होती.

"ह्यो काय उपाय झाला?" काकू म्हणाल्या. "आपल्या घरातलं काढलं आन दुसऱ्याच्या पाळण्यात टाकलं."

फोनवर महेश पहिल्यांदाच ओरडला. पंखा लावला तरी बोलणी, नाही लावला तरी बोलणी. नळ छतावर न्यायचा तर घरमालक भिंत फोडू देत नाही. धूर पाण्यातून धुऊन सोडायचं यंत्र बसवायचं तर दुकानात तेवढी जागाच नाही. त्याचंही खोटं नव्हतं. मला त्याचा राग येत होता आणि तो खोटं बोलत नाही हेही कळत होतं, आणि त्यामुळं आणखी चिडायला होत होतं.

मग जत्रा आली. गलाईवाले गावात उतरले. कुलपं निघाली, गाड्यांना जागा पुरेना. देवळासमोरच्या मांडवात सभा होती. देवळाच्या नव्या सभामंडपाला हातभार लावणाऱ्यांचा सत्कार. अध्यक्षस्थानी विजयवाड्याचे बापू, गलाईवाल्यांमधले सगळ्यांत वजनदार. सत्कार संपता संपता बायकांच्या बाजूनं काकू उठल्या. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला, आत केस नव्हते. त्या सरळ माईककडं गेल्या. सूत्रसंचालक गोंधळला, पण बापूंनी मानेनं होकार दिला.

"मी काय शिकल्याली न्हाई," त्यांनी सुरुवात केली, आणि मांडव लगेच शांत झाला. "पण डाक्टरनं मला सांगितलं ते मी माझ्या परीनं सांगते. आपल्या आत एक गवंडी असतोय. रोज जी पडझड हुती ती त्यो रोज लिंपून काढतोय. आपल्या भट्टीचा धूर त्या गवंड्याचाच हात मोडतोय. मग भिंत एका दिवसात न्हाई पडत. वीस वर्सांनी पडती. तवा तुमी म्हणता, नशीब. म्हणता, मिश्री लावली असंल. तुमी बापये खाली दुकानात, तुमास्नी वाटतंय आपुन धंदा करतो. आमी बायका आन पोरं वर. आमी कंचा धंदा करतो? आमी नुसता श्वास घेतो."

एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. काकूंनी पुढं सांगितलं, राहायचं घर निराळं घ्या, धूर छताच्या वर न्या, नुसता रुमाल बांधू नका, बारीक धुरासाठी असतो तसला मास्क वापरा, भट्टीवरचे कपडे घरात आणू नका. एवढं बोलून त्यांना धाप लागली. "पोदुम," त्या माईकमध्येच म्हणाल्या आणि थांबल्या.

टाळ्या झाल्या. केवढ्या टाळ्या! बापू उठले, सत्कारासाठी आणलेली एक शाल उरली होती ती काकूंच्या खांद्यावर घातली आणि माईकवर म्हणाले, "हौसाबाई आपल्या समद्यास्नी आईसारख्या हायेत. त्यांच्या तब्येतीसाठी देवाला साकडं घालूया. आता समद्यांनी परसादाला बसून घ्यावं." काकूंचं खरं नाव हौसाबाई, ते गावातल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं.

जेवणाच्या पंगतीकडं जाताना एक मधल्या वयाचा गलाईवाला काकूंच्या पाया पडला. "काकू, लय बराबर बोलला. पण गिऱ्हाईक डोळ्यापुढं वितळवून मागतंय वं. भट्टी मागं न्हेली तर म्हणतंय, माझं सोनं काढून घेतलं. इस्वासाचा धंदा हाय."

"आन पोरगी कुठं ऱ्हाती तुझी?"

तो हसला, मान खाली घातली आणि पंगतीत जाऊन बसला.

घरी आल्यावर काकूंनी शाल पलंगावर फेकली. "ह्याच्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिवी दिली म्हंजे ऐकलं तरी म्हणायचं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. एखादा तरी ऐकेल, असं काहीतरी. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी वाक्य अर्धंच सोडलं.

त्यानंतर सलाईनच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत त्या सेलमला गेल्या. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. आबांनीही म्हटलं. त्यांनी पिशवी भरली आणि मिरजेहून गाडी पकडली, आबा मागोमाग. तिथं काय झालं ते मला नंतर थोडं काकूंकडून आणि थोडं सारिकाकडून कळलं.

महेशनं आई आली म्हणून भट्टी बंद ठेवली होती. काकू म्हणाल्या, "पेटव. मी आल्ये म्हणून धंदा बुडवू नगंस." त्यानं नाही नाही म्हणत पेटवली, आणि काकू जिना चढून वर जाऊन बसल्या. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती काही त्यांनी मुद्दाम आणली नव्हती, पण मुद्दामच तिथं बसल्या होत्या हे नक्की. खाली महेशला डोक्यावरच्या फळ्यांमधून आईचं खोकणं ऐकू येत राहिलं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, मुशीत त्याचं सोनं वितळलेलं, मध्येच उठता येईना. सारिका म्हणाली, "त्यांनी सोनं ओतलं, गिऱ्हाइकाला दिलं, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून रडले."

"मग खोली बदलली?" मी विचारलं.

"न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टी पेटली."

पण ईश्वरी काकूंबरोबर गावी आली. महेशचा होकार मिळायच्या आधीच सारिकानं तिची बॅग भरून ठेवली होती. स्वतः मात्र मागं राहिली, महेशच्या जेवणाखाणाचं बघायला. ईश्वरीचं नाव माझ्याच शाळेत घातलं. पहिले काही दिवस ती संध्याकाळ झाली की दारात बसून आईसाठी रडायची. अर्धं मराठी, अर्धं तमिळ. गल्लीतल्या बायका मला ऐकू जाईल असं बोलायच्या, "स्वतः चाललीया आन लेकराला आईपासनं तोडलंय."

मी एकदा काकूंना म्हटलं, "फार रडते हो."

त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलायलाही जोर लागत होता. "रडू दे, बाई. रडायला तरी छाती धड लागती."

पण मी पाठ फिरवल्यावर त्यांनी ईश्वरीला जवळ ओढून घेतलं आणि सारिकाला फोन लावून दिला, ते मी बघितलं.

काकूंनी बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. त्या पोरीला तिथं काही झालं असतं का, तेही कुणाला सांगता येणार नाही. डॉक्टरांचं तेच उत्तर. सगळ्यांचं मिळून माहीत आहे, एकीचं माहीत नाही. या एका वाक्याच्या आडोशाला किती भट्ट्या पेटत असतील, याचा विचार मनात आला की माझं डोकं भणभणतं.

काकू गेल्यावर महेशनं दोन बोळ सोडून राहायला खोली घेतली. ईश्वरी आता परत आई-बापांजवळ आहे. भट्टी मात्र तिथंच आहे, आणि वरच्या रिकाम्या खोलीत आता दुसऱ्या गावचं एक नवीन जोडपं भाड्यानं राहतं, असं सारिका म्हणाली. सांगताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. आबा फारसं बोलत नाहीत. कुणी मिश्रीचं विचारलं की उठून आत जातात.

काकूंना मी शेवटचं बघितलं ते मिरजेला, दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात. शनिवारची सकाळची शाळा करून गेले होते. भेटायची वेळ संपत आली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेल्या काकू उशीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. मी आणलेलं शहाळं त्यांनी नुसतं ओठाला लावलं. त्यांना माझ्याशी बोलायला त्या दिवशी सवड नव्हती. शेजारच्या खाटेवर नुकतीच एक बाई आणली होती. जतकडची असावी, बोलण्यात कानडी हेल होता. सोबत तिची जाऊ होती, हातात कागदांची पिशवी घेऊन भांबावून उभी.

"ये बाळे," काकू त्या जावेला म्हणाल्या, "बस. हिचा मालक काय करतोय?"

"गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करत्यात," ती म्हणाली.

"कुठं? घरातच?"

"परड्यात. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत्यात. का वं?"

काकूंनी कोपरावर जोर देऊन स्वतःला वर उचललं. नळी ताणली गेली. मी आधार द्यायला पुढं झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"आन पाणी कुठलं पिता? परड्यातलीच हीर?"

ती जाऊ खाटेच्या कडेला टेकली. नर्सनं दारातून हाक मारली, भेटायची वेळ संपली. मी पिशवी उचलून निघाले आणि दारापाशी मागं वळून बघितलं. काकूंचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. दम खात, थांबत, त्या पुढचं विचारत होत्या आणि ती जाऊ बोटानं चादरीवर रेघ ओढून दाखवत होती, हितं हीर, हितं शेड, आन हितं आमची पोरं खेळत्यात.